दोन ट्यूबा, एक वाटा

विम्याच्या एजंटला लोक सही देतात ती कागद वाचून नाही, तोंड बघून देतात. हे मी अनुभवानं सांगते, कारण डोंबिवलीतल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये मी विकलेल्या पॉलिश्या आहेत. “ताई, कुठे करू सही?” एवढंच विचारायचे. मी आपली समजावून सांगायला जायचे, तर “अहो, तुमच्यावर विश्वास आहे, चहा घ्या” म्हणून मलाच गप्प करायचे. म्हणून काम बंद केल्यावर घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलातून बोलावणं आलं, की आमच्या समितीवर या, तेव्हा मला आधी हसूच आलं.

नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर हॉस्पिटलात एक समिती त्याला परवानगी देते. चाचणीत येणाऱ्या माणसाची फसवणूक होत नाही ना, त्याला सगळं नीट सांगितलं जातंय ना, हे ती बघते. त्या समितीत डॉक्टर असतात, वकील असतो, आणि एक माणूस असा लागतो, ज्याला औषधातलं ओ की ठो कळत नाही. ती जागा माझी. काही कळत नाही म्हणून सन्मानानं खुर्ची मिळतेय, तर मी का सोडू? गेले.

पहिल्याच बैठकीत माझ्यापुढे मराठी माहितीपत्रक आलं. मधुमेहाच्या माणसांना पायाला जखम होते आणि ती भरत नाही, त्यावर एक नवं मलम आलेलं, त्याची चाचणी होती. पेशंटनं ते पत्रक वाचायचं, समजून घ्यायचं आणि मग सही करायची. मी मोठ्यानं वाचायला लागले. “सहभागींना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागण्यात येऊन त्यांपैकी एका गटास निष्क्रिय द्रव्य प्रदान करण्यात येईल.” मी चष्मा काढला आणि विचारलं, “हे निष्क्रिय द्रव्य म्हणजे काय हो? आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी?”

वकीलसाहेब खो खो हसले. अध्यक्ष असलेले मोठे डॉक्टर मात्र घसा साफ करून म्हणाले, “मॅडम, भाषांतर अधिकृत आहे.” झालं, माझा पारा चढला. म्हटलं, अधिकृत असेल हो, पण मराठी आहे का? ज्याच्या पायाला भोक पडलंय तो बिचारा हे वाचणार कधी आणि समजणार कधी? बराच वेळ बोलले मी. माझं एकदा सुरू झालं की थांबत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

चाचणी घेणारी डॉक्टर समोरच बसलेली. माझ्या मुलीपेक्षाही लहान, अंबाड्यात पेन खोचलेलं. ती माझं सगळं ऐकून घेत होती आणि लिहून घेत होती. बैठक संपल्यावर तिनं खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही चिडलात ते बरोबरच आहे. पण चिडून पान सुधारत नाही ना. मी शहाडला राहते. रविवारी तुमच्याकडे आले तर चालेल?” मला कुणी असं तोंडावर बोललं की ते माणूस आवडतं. म्हटलं, ये, पोहे करते.

आणि ती खरंच आली, एकदा नाही, कितीतरी रविवार. स्कूटी खाली लावायची, हेल्मेट आमच्या टीव्हीवर ठेवायची आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरायची. तिची पद्धत साधी होती. ती एकेक वाक्य वाचणार, मला अडलं की मी हात वर करणार, आणि हात वर झाला की वाक्य मोडायचं. मग दोघी भांडायचो. “काकू, हे गाळता येणार नाही, हा त्यांचा हक्क आहे.” “अगं गाळू नकोस, पण माणसासारखं सांग.” असं करत करत त्या यादृच्छिकाचं झालं, “कुणाला कुठली ट्यूब द्यायची ते आम्ही ठरवत नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो.” आणि निष्क्रिय द्रव्याचं झालं, “साधं मलम. दिसायला आणि वासाला तसंच, पण आत औषध नाही.”

सगळ्यात वरती तिनं एक वाक्य घातलं. “नवं मलम खरंच काम करतं का, हे आम्हालाही अजून माहीत नाही.” अध्यक्षांनी भुवया चढवल्या. हे वाचून पेशंट पळून जातील म्हणाले. ती म्हणाली, “सर, हे वाचून जो जाईल त्याला जायचंच होतं असं समजू.” आवाज चढवला नाही की काही नाही. मी असते तर टेबल आपटलं असतं. ते वाक्य पहिल्या ओळीतच राहिलं, आणि मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं.

पान झालं म्हणून ती थांबली नाही. जखमांच्या ओपीडीत बसून ती एकेकाला ते वाचून दाखवायची. “समजलं का?” हा प्रश्न तिनं बंदच करून टाकला होता, कारण त्याला सगळे हो म्हणतात. मी विम्याच्या धंद्यात तेवढं एक शिकले होते. त्याऐवजी ती विचारायची, “आता घरी गेल्यावर घरच्यांना काय सांगाल?” मग खरी गंमत व्हायची. टॉवरमधले एक सूटबूटवाले गृहस्थ, “आय नो ऑल धिस, पुढे चला” म्हणत होते. घरी काय सांगाल म्हटल्यावर म्हणाले, “इंपोर्टेड औषध मिळणार म्हणून सांगेन.” ही बाई कपाळाला आठी न घालता पुन्हा पहिल्या ओळीवर. आणि बहुतेकांना एक गोष्ट काही केल्या पटायची नाही. कुठल्या ट्यूबमध्ये औषध आहे हे डॉक्टरलाही माहीत नाही? मग डॉक्टर कसली? ती हसायची आणि म्हणायची, “मला माहीत असलं तर मी माझ्या आवडत्या पेशंटला खरी ट्यूब देईन ना. म्हणून मला सांगतच नाहीत.”

अशाच एका सकाळी मी तिथे बसलेली असताना बाळकुमच्या दोन जावा आल्या. दोघी कोळणी, जुन्या गावातल्या. थोरली सत्तरीकडे झुकलेली, मार्केटात मासे विकायला बसणारी, पाय दिवसभर बर्फाच्या पाण्यात. साखरेनं पायाची जाणीवच गेलेली, त्यामुळे कधी काय टोचलं तिला कळलं नाही. एक बोट आधीच काढलेलं होतं आणि त्याच पायाच्या तळव्याला आता नवी जखम. डॉक्टरनं तिला काही लपवून न ठेवता सांगितलं होतं, ही जखम आत गेली तर पाय वाचवणं कठीण होईल. धाकटीच्या टाचेला लहानशी जखम होती, बरेच दिवस न भरलेली. थोरलीच्या मागे मागे सावलीसारखी, बोलायला लाजणारी.

डॉक्टरनं पान वाचून दाखवलं आणि विचारलं, “मावशी, घरी जाऊन काय सांगाल?” थोरली बसल्या जागी सरसावली. “काय सांगू? दोन ट्यूबा हायत. एकीत दवा हाय, एकीत नाय. कोनाला कंची ते चिठ्ठीवर, तुना पन ठावं नाय. दवा गुन देते का नाय ते पन अजून कोनाला ठावं नाय. नको वाटलं तर कवा पन सोडायचं, तू रागावनार नाय आन् पट्टी करायची बंद करनार नाय. झालं?” मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. धाकटीनंही तेच, हळू आवाजात पण बरोबर सांगितलं. दोघींनी सह्या केल्या, दोघींना आपापली ट्यूब मिळाली, आणि जाताना थोरली मला म्हणाली, “ये गो बाय कवा बालकुमला, म्हावरं खायाला.”

मी गेले, पण मासे खायला नाही. काही आठवड्यांनी दोघींची तपासणीची तारीख चुकली. गावात देवीचा उत्सव होता म्हणे. डॉक्टरनं मला फोन केला, मी ठाण्यातच होते, म्हणून आम्ही दोघी रिक्षानं बाळकुमला गेलो. चहूबाजूंनी उंच उंच इमारती आणि मध्ये ती जुनी घरं, दारात जाळी वाळत टाकलेली. थोरली ओट्यावर पाय पसरून बसलेली. डॉक्टरनं पट्टी सोडली आणि तिचा चेहरा बदलला. जखमेभोवतीचा भाग लाल झालेला, हात लावला तर गरम. पण आवाजात काही न दाखवता तिनं विचारलं, “मावशी, ट्यूब कुठे आहे?”

धाकटी आत गेली आणि बाहेर घेऊन आली एक स्टीलची डबी. हळदीकुंकवाला वाटतात तसली. डबीत मलम. आणि पाठोपाठ दोन रिकाम्या ट्यूबा, कात्रीनं उभ्या कापलेल्या, आतून बोटानं पुसून काढलेल्या.

“हे काय?” मी ओरडलेच. डॉक्टरनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“दोनी एकत्र केल्या,” थोरली म्हणाली. लपवायचं तिच्या मनातही नव्हतं, उलट आवाजात समाधान. “ताटात काढलं, चांगलं घोटलं आन् दोघींत अर्ध अर्ध. तूच सांगितलास ना, एकीत दवा हाय आन् एकीत नाय?”

डॉक्टर म्हणाली, “हो, मीच सांगितलं. पण मावशी, असं का केलंत, ते मला सांगा.”

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. इतकं साधं हिला कळू नये, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग तिनं सांगितलं. तिच्या सासऱ्याच्या वेळी दोघा भावांची दोन जाळी खाडीत लागायची. जागा चिठ्ठी टाकून मिळायची. कधी एकाची जागा चांगली निघायची, जाळं भरून यायचं, दुसऱ्याच्या जाळ्यात नुसता गाळ. पण किनाऱ्याला आल्यावर सगळा मासा एकाच फडक्यावर ओतायचा आणि त्याचे दोन सारखे वाटे करायचे. कुणाच्या जाळ्यातला कुठला, हे बोलायचं नाही. तोच या घरचा नेम. “एका घरात एकीला म्हावरं आन् एकीला चिखल, असं आमच्यात चालत नाय गो बाय. मी बरी झालू आन् ही लंगडत राह्यली, तर मना जेवान जाईल का?”

त्या बायकांना पान समजलं नव्हतं असं नाही. अक्षरन् अक्षर समजलं होतं. एकीला मिळेल आणि एकीला नाही, हे इतकं स्पष्ट समजलं की त्यांनी घरच्या रीतीनं त्यावर उपाय काढला. आम्ही दोघींनी रविवारमागून रविवार घालवून सगळं सांगितलं होतं, फक्त ट्यूब वेगळी का ठेवायची एवढंच सांगितलं नव्हतं.

डॉक्टरनं त्या वेळी काय केलं, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. ओरडली नाही. “अहो, काय करून ठेवलंत” असंही म्हणाली नाही. ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली, थोरलीपेक्षा खाली, आणि म्हणाली, “मावशी, मासा एकत्र ओतला तर वाटे सारखे होतात, खरं आहे. पण मग कुठल्या जागी मासा होता ते कळतं का?”

थोरली हळूच म्हणाली, “नाय कलत.”

“मला तेवढंच शोधायचं होतं. कुठल्या जागी मासा आहे. म्हणजे पुढच्या सगळ्यांना तिथे जाळं लावता येईल.”

“मंग आमी तुजा इस्कोट केला गो,” थोरली म्हणाली. तिचा आवाज एकदम पडला.

“ते माझं मी बघते. आता आधी पाय. एका डबीत दोघींची बोटं जात होती, त्यातून जखमेत जंतू गेले असावेत. आत्ता माझ्याबरोबर चला.” हे ऐकलं आणि धाकटीनं हातातली डबी खाली ठेवली. तिच्या टाचेची जखम बरी दिसत होती. तीही आमच्याबरोबर निघाली. घोडबंदर रोडवर नेहमीसारखं सगळं तुंबलेलं, आमची रिक्षा मुंगीच्या पावलानं, आणि माझा जीव टांगणीला. थोरली मात्र मलाच धीर देत होती, “पोचू गो, कनाला घाबरतंस?”

तिला भरती केलं. सलाइन, इंजेक्शनं, रोज दोनदा पट्टी. सर्जन म्हणाले, थांबून बघू, पण हमी देत नाही. पाय राहील की जाईल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मी रोज फोन करायचे, आणि फोन लावण्याआधी देव्हाऱ्यासमोर उभी राहायचे. माझा देवावर एरवी फारसा भरवसा नाही.

इकडे समितीची तातडीची बैठक लागली. औषध कंपनीच्या माणसानं फोनवर तोडगा सुचवला होता. “पेशंटनं सूचना पाळल्या नाहीत” असं एक वाक्य लिहा आणि दोघींची नावं काढून टाका. अध्यक्षांनाही ते सोयीचं वाटलं. एका वाक्यात सगळे मोकळे, आणि जे काही झालं ते त्या म्हातारीच्या माथी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टर उभी राहिली.

“सर, सूचना आम्ही नीट दिलीच नव्हती,” ती म्हणाली. “आमच्या पत्रकात ‘ट्यूब दुसऱ्याला देऊ नका’ असं शेवटच्या पानावर एका ओळीत आहे. का देऊ नका, ते नाही. एका घरातून दोघी आल्या तर काय, हे आम्ही कुणीही विचारात घेतलं नाही. मी अहवालात लिहिलंय, की आम्ही दिलेली माहिती पेशंटनं बरोबर समजून घेतली, माहितीच अपुरी होती. तिच्या उपचाराची जबाबदारी चाचणीचीच आहे.” मग तिनं तो अहवाल सगळ्यांपुढे ठेवला. खाली तिची सही होती आणि तारीख आदल्या दिवशीची. म्हणजे विचारायला आलीच नव्हती, सांगायला आलेली.

अध्यक्ष म्हणाले, “यानं तुमच्या नावावर डाग लागेल.” ती म्हणाली, “लागू दे.” बस. मी विमा विकताना कितीतरी साहेब बघितले, चूक झाली की कागद पुढच्या टेबलावर ढकलणारे. तसल्यांत आयुष्य काढल्यावर ही पोरगी बघितली आणि अक्षरशः ऊर भरून आला. बैठकीनंतर मी तिला जिन्यात गाठलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती रडली थोडी. मग म्हणाली, “काकू, पान परत लिहायला हवं.”

ते पान आम्ही थोरलीच्या खाटेशेजारी बसून लिहिलं. हाताला सलाइन, आणि बाई सांगतेय, “असं नको लिवू, कोन वाचनार नाय. असं लिव, की तुजं तुज्याच पायाला, जावंला प्रेम द्यायाचं तर दुसरं काय पन दे.” वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या. शेवटी डॉक्टरनं लिहिलं, “घरात दुसऱ्या कुणाची चाचणी चालू असली तरी मलम एकत्र करू नका. एकत्र केलंत तर कुठल्या मलमानं गुण आला ते कधीच कळणार नाही, आणि एकमेकींचे जंतू जखमेत जातील. एकीला मिळावं आणि एकीला नाही, हे तुम्हाला मान्य नसेल तर आधीच आम्हाला सांगा. नाही म्हणायला काहीच हरकत नाही.” पुढच्या तुकडीतल्या एका पेशंटनं हे ऐकून खरंच नाही म्हटलं, आणि डॉक्टर मला फोन करून ते आनंदानं सांगत होती. चाचणीत माणूस कमी झाला म्हणून आनंद होणारी डॉक्टर मी तरी दुसरी बघितलेली नाही.

थोरलीचा पाय वाचला. पण आणखी एक बोट गेलं, आणि त्याचा दोष धाकटीनं स्वतःवर घेतला. तिची टाच पूर्ण भरली होती, त्यामुळे तर जास्तच. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. माझी ट्यूब साधी असेल, थोरलीची खरी असेल, तर मी तिचं अर्धं औषध खाल्लं आणि वर माझी घाण तिच्या पायात घातली. तोंडानं कुणाला काही बोलली नाही, पण धड जेवायची बंद झाली. ताटावर बसायची, भात चिवडायची आणि उठायची. मासळी तर शिवायचीच नाही. थोरलीनं हे मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा तिचा आवाज कापला. “पाय गेला असता तरी चाललं असतं गो. ही जाईल माजी.”

बऱ्याच महिन्यांनी चाचणी संपली आणि कुणाला कुठली ट्यूब होती ती यादी उघडली. ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याला आपली ट्यूब कुठली ते सांगायचं, असं ठरलेलं. डॉक्टरनं मला बरोबर घेतलं आणि आम्ही पुन्हा बाळकुमला गेलो. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, “मला आता माहीत आहे. तुम्हाला हवं असेल तर सांगते. नको असेल तर कधीच सांगणार नाही. दोन्ही चालतं.”

थोरलीनं लगेच हात हलवला. “मना नको.”

धाकटी म्हणाली, “ताईनं नको म्हटलं, तर मना पन नको.”

डॉक्टर म्हणाली, “त्यांचं त्यांनी सांगितलं. मी तुम्हाला विचारतेय. तुमचं तुम्ही सांगा.” आणि नुसती थांबली. मला राहवेना, तिच्या जागी मी असते तर सांगूनच टाकलं असतं एकदाचं. ती मात्र थांबली. शेवटी धाकटी म्हणाली, “मना सांगा.”

थोरली भिंतीला धरून उठली. काठी घेतली आणि माझा दंड पकडून अंगणात निघाली, जाळ्यांच्या पलीकडे, जिथून घरातलं बोलणं ऐकू येत नाही. तिथे उभी राहिली, उरलेल्या बोटांवर तोल सांभाळत. मी विचारलं, “तुम्हाला खरंच नाही जाणून घ्यायचं?”

“कनाला? माजी खरी असंल तर मी तिला दिली. तिची खरी असंल तर तिनं मना दिली. मना दोनी सारखंच. पन तिला सारखं नाय, तिला कलू दे. तिचा जीव तुटतंय.” बोलता बोलता तिनं पदरानं डोळे पुसले. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

थोड्या वेळानं धाकटी बाहेर आली. रडून डोळे लाल झालेले. डॉक्टर दारातच थांबली. धाकटी अंगण ओलांडून आली आणि थोरलीच्या समोर उभी राहिली. तिनं तोंड उघडलं, तसा थोरलीनं तिच्या ओठांवर हात ठेवला.

“कललं ना तुना?” थोरली म्हणाली. धाकटीनं मान हलवली.

“मंग बास. कोनाच्या जाल्यातलं कंचं, ते बोलायाचं नाय. चल, आता जेव.”

आणि धाकटी जेवली. आमच्यासमोर, थोरलीच्या ताटातच, बांगड्याचं कालवण आणि भात, पोटभर.